सात वर्षांत माणूस सापडत नाही? राज्यातल्या कंपनी सेक्रेटरींना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रात नोंदणीकृत कार्यालय असलेल्या, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे कंपनी सेक्रेटरी आणि नोडल अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

2019 च्या वार्षिक सभांमध्ये जाहीर झालेल्या लाभांशाची सात वर्षे 2026 मध्ये भरतात. हिशेब तुम्हाला पाठ आहे, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून मांडतो. समजा सभा 20 ऑगस्ट 2019 ला झाली. लाभांश द्यायला तीस दिवस, म्हणजे 19 सप्टेंबर. जो उरला तो पुढच्या सात दिवसांत ‘अनपेड डिव्हिडंड’ खात्यात, म्हणजे फार तर 26 सप्टेंबर. तिथून सात वर्षे मोजली की 26 सप्टेंबर 2026. त्यानंतर तीस दिवसांत ती रक्कम गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, तुमच्या-माझ्या बोलण्यातल्या आयईपीएफमध्ये, भरायची. आणि ज्या भागधारकाने सलग सात वर्षे एकही लाभांश नेलेला नाही, त्याचे मूळ शेअरही पाठोपाठ निधीच्या डिमॅट खात्यात पाठवायचे.

लाभांशाचे एक वेळ ठीक आहे, बहुतेकांची रक्कम शेकड्यात असते. शेअरचे तसे नाही. 1980 च्या आसपास घेतलेले पन्नास शेअर बोनस आणि विभाजनांनंतर कितीतरी पट झालेले असतात, आणि ते कुठे ठेवलेत हे माहीत असलेला माणूस बहुधा भिंतीवरच्या फोटोत असतो.

मी एका कारखान्याच्या शेअर विभागात नोकरी केली. पुढे तो विभाग गुंडाळून काम आरटीएकडे, म्हणजे कंपन्यांसाठी भागधारकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या बाहेरच्या संस्थेकडे, गेले. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या लोकांचे आयईपीएफ-5, म्हणजे निधीत गेलेले शेअर आणि पैसे परत मागायचे, अर्ज भरून देतो, पैसे न घेता. त्यामुळे पाकीट पाठवणाऱ्याचे टेबल मी पाहिले आहे आणि पाकीट न मिळालेल्याचे घरही. तुम्ही कायदा मोडता अशी माझी तक्रार नाही. कायदा जिथे दंड लावतो तिथे तुम्ही काटेकोर असता, जिथे तो तुमच्या शहाणपणावर सोडतो तिथे काम कागदापुरते उरते. भरणा वेळेवर होतो. शोध होत नाही. मला बोलायचे आहे ते एवढ्यावरच.

हा निधी मुळात कशाला आहे ते एकदा आठवू. कंपनी कायद्याच्या 1999 च्या दुरुस्तीपूर्वी तीन वर्षे पडून राहिलेला लाभांश थेट केंद्र सरकारच्या महसुली खात्यात जायचा. दुरुस्तीने निधी आणला आणि मुदत सात वर्षांची केली, पण 1956 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 205सी मध्ये स्पष्ट लिहिले होते की एकदा रक्कम निधीत गेली की कुणाचाही दावा चालणार नाही. 2013 च्या कंपनी कायद्याने हे उलटवले. 7 सप्टेंबर 2016 पासून कलम 124, कलम 125 आणि त्यांचे नियम लागू झाले. मूळ मालकाला, त्याच्या वारसाला, अगदी जुन्या कायद्याखाली पैसे गेलेल्यालाही परत मागण्याचा हक्क मिळाला. त्याच कलमांनी पहिल्यांदा शेअरही निधीत नेले. म्हणजे सरकार आता मालक नाही, सांभाळणारे आहे. मग मालक शोधण्याचे काम कुणाचे? ज्याच्या रजिस्टरात त्याचे नाव आहे त्याचे. ते रजिस्टर तुमच्याकडे आहे.

आता प्रत्यक्षात काय होते ते बघू. आयईपीएफच्या नियमांतला नियम 6 सांगतो की शेअर हस्तांतराच्या तारखेआधी तीन महिने भागधारकाला शेवटच्या उपलब्ध पत्त्यावर पत्र पाठवायचे, त्याच वेळी एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या मोठ्या खपाच्या वर्तमानपत्रात सूचना द्यायची आणि वेबसाइटवर नावे टाकायची. तुम्ही तिन्ही करता. सूचना छापून येते; तिच्यात एकाही भागधारकाचे नाव नसते, नावे वेबसाइटवर बघा असे असते. वेबसाइटवर ‘इन्व्हेस्टर्स’ या शीर्षकाखाली चार पायऱ्या उतरल्यावर एक फाइल मिळते, तीत हजारो नावे, आडनाव कधी आधी कधी शेवटी, सगळी रोमन लिपीत आणि अर्धी आद्याक्षरांत. नारायणगावच्या शेतकऱ्याने किंवा डोंबिवलीच्या निवृत्त शिक्षिकेने ती उघडावी अशी तुमची खरोखर अपेक्षा आहे?

आणि ते पत्र. सत्तरच्या दशकाच्या शेवटी, फेरा या परकीय चलनाच्या कायद्याने परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा कमी करायला लावला तेव्हा, मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाने अर्ज भरून शेअर घेतले. किंमत सरकारचा भांडवल नियंत्रक ठरवायचा, म्हणून ते स्वस्त पडत. त्या अर्जांवरचे पत्ते आजही तुमच्या रजिस्टरात आहेत. गिरगावातल्या त्या चाळीच्या जागी टॉवर आहे, सदाशिव पेठेतल्या त्या वाड्याच्या जागी बिल्डिंग, आणि माणसे कांदिवलीला, बदलापूरला, कोथरूडला किंवा थेट न्यू जर्सीला गेलेली. पोस्टमन पाकिटावर शेरा मारून ते परत पाठवतो: ‘लेफ्ट’, ‘इन्सफिशियंट अ‍ॅड्रेस’, ‘डिसीज्ड’. शेवटचा शेरा बघा. माणूस गेल्याचे पोस्ट खात्याने तुम्हाला लेखी कळवलेले असते, तरी पुढच्या वर्षी त्याच नावाने त्याच पत्त्यावर पाकीट जाते. परत आलेल्या पाकिटांचा गठ्ठा ही तुमच्याकडची सगळ्यात उपयोगी माहिती आहे. ती आरटीएच्या गोदामात पडते, संख्या अहवालात लिहिली जाते, आणि विषय संपतो.

बायकांच्या नावांचे वेगळेच. लग्नानंतर आडनाव बदलते हे अनेक ठिकाणी चालते, आपल्याकडे ताटातल्या तांदळावर लिहून पहिले नावही बदलायचे. वडिलांनी 1978 साली मुलीच्या नावाने घेतलेल्या शेअरची मालकीण रजिस्टरात एक आहे आणि आधार कार्डावर दुसरीच. तिच्याकडे लग्नपत्रिका असते, विवाह नोंदणीचा दाखला नसतो. तुमच्या कागदपत्रांच्या यादीत अशा बाईसाठी काय आहे? बऱ्याच कंपन्यांत तिला फक्त ‘नेम मिसमॅच’ हे उत्तर मिळते.

हे असे का होते, याचा मी बराच विचार केला आहे. आळस हे उत्तर नाही. लबाडी तर नाहीच, कारण पडून राहिलेला लाभांश वेगळ्या खात्यात असतो, तो कंपनीला वापरता येत नाही. उत्तर दंडाच्या रचनेत आहे. कलम 124 मोडले तर कंपनीला 1 लाख रुपये आणि पुढे रोज 500, कमाल 10 लाख. जबाबदार अधिकाऱ्याला 25 हजार आणि रोज 100, कमाल 2 लाख. हस्तांतर चुकले की हा दंड दारात उभा राहतो. चुकीच्या वारसाला शेअर दिले तर खटला होतो. खरा मालक सापडला नाही तर? काहीच होत नाही. शोधण्याचा खर्च कंपनीचा आणि फायदा परक्याचा. अशा रचनेत चांगला अधिकारीसुद्धा टिक मारून पुढे जातो. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केले असते, असे एक सेक्रेटरी मला प्रामाणिकपणे म्हणाले. त्यांचे म्हणणे मला पटते, पण परिणाम पटत नाही.

कारण माणूस सापडतो. याचा पुरावा तुमच्या रोजच्या टपालात आहे. टक्केवारीवर शेअर सोडवून देणारे सल्लागार आता गावोगाव आहेत. ते वारसाला फोन करतात, ‘तुमच्या आजोबांचे शेअर आहेत, कंपनीचे नाव आधी सांगणार नाही, करारावर सही करा’. त्यांना हे कळते कुठून? कलम 124 च्या पोटकलम 2 प्रमाणे तुम्हीच तुमच्या वेबसाइटवर नाव, शेवटचा पत्ता आणि रक्कम टाकता तिथून. तीच यादी. ते एक मुलगा बसवतात, तो आडनाव आणि गावावरून मतदारयादी, फेसबुक, सोसायटीचा वॉचमन, कुलदैवताच्या देवस्थानाची देणगीदारांची यादी, काहीही धुंडाळतो आणि घरापर्यंत पोचतो. तुमच्याकडे त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती असताना तुम्ही पोचत नाही, आणि वारस आपल्याच मालमत्तेचा मोठा हिस्सा त्या मुलाच्या मालकाला देतो.

तुमच्याकडे काय काय आहे? संयुक्त नावाचे फोलिओ, म्हणजे रजिस्टरातली भागधारकांची खाती, घ्या. लाभांश पहिल्या नावाला जातो, पत्रही पहिल्या नावालाच, आणि पहिला गेला की सगळे थांबते. दुसरे नाव बहुधा बायकोचे किंवा मुलाचे असते, जिवंत असते, आणि त्याच्या नावाने एकही पत्र कधी निघत नाही. कुणाचा एक फोलिओ कागदी असतो आणि त्याच पॅनवर डिमॅटमध्येही तुमचेच शेअर असतात. डिपॉझिटरीकडून, म्हणजे डिमॅट शेअरांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडून, येणाऱ्या यादीत त्याचा आजचा पत्ता, बँक खाते, बऱ्याचदा ईमेलही असतो, आणि तरी कागदी फोलिओचे पत्र 1985 च्या पत्त्यावर जाते. दोन फाइली शेजारी ठेवून पाहिल्या तर यादीतली कितीतरी नावे त्याच दिवशी सुटतील. ज्या कारखान्यांनी कामगारांना शेअर दिले होते त्यांच्या एचआर विभागाकडे, पतपेढीकडे, निवृत्तांच्या संघटनेकडे प्रत्येकाचा ठावठिकाणा असतो. पिंपरी-चिंचवडमध्ये तर निवृत्तांचा व्हॉट्सअ‍ॅप गट कुणाच्या गुडघ्याचे ऑपरेशन कधी आहे हेही सांगेल. विचारले मात्र पाहिजे.

बँकांचे विलीनीकरण हा आणखी एक सुटलेला धागा. देना बँक 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली आणि तिचे जुने आयएफएससी कोड 1 मार्च 2021 पासून बंद झाले. 1 एप्रिल 2020 ला सिंडिकेट, कॉर्पोरेशन, आंध्र, ओरिएंटल, युनायटेड, अलाहाबाद या बँका दुसऱ्या बँकांत गेल्या. पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना 2022 मध्ये रद्द झाला. या बँकांत लाभांश घेणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी मँडेट, म्हणजे लाभांश कोणत्या खात्यात भरायचा याची सूचना, बदललेलाच नसणार. त्यांचे लाभांश परत आले असतील, वॉरंट, म्हणजे लाभांशाचे चेक, जुन्या पत्त्यावर गेले असतील. 2021 पासून मोजले तर अशा शेअरांची पाळी 2028 ला येते. आणि त्याच्या थोडे आगेमागे त्यांची पाळी येईल जे 2020 आणि 2021 च्या करोनात गेले. ज्यांचे बँक खाते मृत्यूनंतर बंद झाले, ज्यांच्या मुलांना शेअरचा पत्ताच नाही. ही यादी कुणाची असणार हे तुम्हाला आजच माहीत आहे. एका तारखेपर्यंत लाभांश नीट जमा होत होता आणि मग एकदम परत यायला लागला, असा फोलिओ सॉफ्टवेअरमधून काढायला किती वेळ लागतो? असा खंड पडलेल्या पहिल्याच वर्षी फोन केला तर मुलगा सापडतो. सातव्या वर्षी नातू शोधावा लागतो.

पत्रातल्या मजकुराबद्दलही एक विनंती. कलम 124 च्या स्पष्टीकरणात एक फार मोलाची गोष्ट आहे: सात वर्षांतल्या कोणत्याही एका वर्षाचा लाभांश दिला गेला किंवा मागितला गेला, तर शेअर निधीत जात नाहीत. तुमच्या दोन पानी पत्रात हे कुठेतरी असतेही, पण कलमांच्या, नियमांच्या आणि ‘वेळोवेळी सुधारित’च्या जंगलात. त्याऐवजी वर ठळक अक्षरांत लिहा, ‘यांपैकी एका वर्षाचा लाभांश जरी तुम्ही अमुक तारखेआधी मागितलात तरी तुमचे शेअर तुमच्याकडेच राहतील’. महाराष्ट्रातल्या पत्त्यावर ते मराठीत पाठवा. मागे केवायसीचा फॉर्म आणि उत्तराचे पाकीट जोडा. पोस्टाचा खर्च तुमच्या वार्षिक अहवालाच्या चकचकीत छपाईपुढे काय आहे?

केवायसीवरून आठवले. 1 एप्रिल 2024 पासून कागदी शेअर असलेल्यांना, पॅन, बँक, सही आणि संपर्काचा तपशील पुरा नसेल तर लाभांश दिला जात नाही, तो रोखून ठेवला जातो. दिला तर तो फक्त इलेक्ट्रॉनिक मार्गाने. हा नियम शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा आहे, तुमचा नाही, आणि त्यामागचा हेतूही चांगला आहे. पण रोखलेला लाभांशसुद्धा ‘न नेलेल्या’त धरला जातो आणि त्याचेही घड्याळ चालू राहते. यातले पुष्कळ लोक हरवलेले नाहीत. ते पत्र मिळाल्यावर तुमच्या आरटीएकडे जातात, आयएसआर-1 हा केवायसीचा फॉर्म भरतात, मग कळते की सही जुळत नाही म्हणून आयएसआर-2 या दुसऱ्या फॉर्मवर बँक मॅनेजरने साक्षांकित केलेली सही हवी. ऐंशी वर्षांच्या माणसाचा हात थरथरतो, सही चाळीस वर्षांपूर्वीच्या नमुन्याशी जुळणार कशी? मॅनेजर म्हणतो आमच्याकडे हा फॉर्म नाही. माणूस घरी येतो आणि तो विषय सोडून देतो. अशा माणसासाठी वर्षातून एक दिवस पुण्यात, नाशिकला, कोल्हापूरला, नागपूरला तुमचा एक अधिकारी बसू शकत नाही का? जून 2025 मध्ये निधीच्या प्राधिकरणाने आणि सेबीने पुण्यात निवेशक शिबिर घेतले. 28 जुलै ते 6 नोव्हेंबर 2025 या काळात ‘सक्षम निवेशक’ मोहीम चालवायला कंपन्यांना सांगितले गेले. तेव्हा तुमच्यापैकी काहींनी मनापासून काम केले, हे मी पाहिले आहे. काहींनी शेअर बाजाराला तसे पत्र दिले आणि वर्तमानपत्रात अजून एक सूचना छापली.

शेअर निधीत गेल्यावरची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती वेगळ्या पत्राची आहे. बँकेत दहा वर्षे पडून राहिलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण खातेदार आपल्या शाखेत जातो, बँक त्याला पैसे देते आणि मग स्वतः रिझर्व्ह बँकेकडून मागून घेते. ऑगस्ट 2023 पासून ‘उद्गम’ पोर्टलवर शोधही घेता येतो. शेअरच्या मालकाला मात्र आधी तुमच्याकडून हक्कपत्र, म्हणजे एन्टायटलमेंट लेटर, घ्यावे लागते, मग आयईपीएफ-5 ऑनलाइन भरायचा, त्याची प्रत, इन्डेम्निटी बाँड म्हणजे नुकसानभरपाईची हमी, आणि आगाऊ पावती तुमच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवायची, तुम्ही पडताळणी अहवाल द्यायचा आणि मग दिल्लीचे प्राधिकरण निर्णय घेणार. एका कंपनीचा एका आर्थिक वर्षात एकच दावा करता येतो, त्यामुळे एक कागद राहिला तरी माणूस अडकतो. पडताळणी अहवालाला तीस दिवसांची मुदत आहे. ही मुदत पाळण्याची ओढ निधीत पैसे भरण्याच्या मुदतीइतकी नसते, हे माझ्या अनुभवातून सांगतो. एका कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याचा वेबसाइटवरचा फोन नंबर पाच वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या गृहस्थांचा निघाला. ते बिचारे प्रत्येक फोनला सौजन्याने उत्तर देत होते.

तुम्ही म्हणाल, कायद्यात नाही ते आम्ही संचालक मंडळापुढे कसे न्यायचे. पण कायद्यात आहे. सेबीच्या सूचीकरण विनियमांत भागधारक संबंध समितीची कामे दिली आहेत, त्यांतले एक असे की न नेलेल्या लाभांशाचे प्रमाण कमी व्हावे म्हणून कंपनीने काय उपाय केले याचा आढावा घेणे. ही समिती वर्षातून निदान एकदा बसतेच. तिच्यापुढे आजवर काय जाते? ‘इतकी रक्कम आयईपीएफला वेळेत हस्तांतरित केली’ एवढे. पुढच्या बैठकीच्या टिपणात तीन आकडे घाला: किती फोलिओंना पत्रे पाठवली, किती परत आली आणि त्यांतले किती भागधारक किंवा वारस प्रत्यक्ष सापडले. तिसरा आकडा शून्य असेल तर शून्य लिहा. मग तीच संख्या वार्षिक अहवालाच्या कॉर्पोरेट गव्हर्नन्स भागात छापा. संचालकांमध्ये एखादा जरी ‘शून्य का?’ असे विचारणारा निघाला, तर परत आलेल्या पाकिटांचा गठ्ठा आरटीएच्या गोदामातून बाहेर काढायला तुम्हाला दुसरे निमित्त लागणार नाही.

2026 च्या सूचना आधीच छापून निघाल्या असतील तर त्या निघू द्या. तीन महिन्यांची मुदत संपेपर्यंत निदान दुसऱ्या नावाने आणि डिमॅटमधल्या पत्त्यावर एकेक पत्र पाठवता येईल. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

कळावे.

आपला,
शेअर विभागातला एक निवृत्त कर्मचारी
पुणे